दुसरी बाटली



नाशिकचा माणूस द्राक्षांवर बोलायला बसला, तर त्यात कुणाला नवल वाटू नये. पण आज मी द्राक्षांवर बोलणार नाही, बाटलीवर बोलणार आहे. प्रश्न अगदी साधा आहे. एकाच पेढीनं, एकाच वर्षीच्या एकाच मालातून, एकाच आठवड्यात भरलेल्या दोन बाटल्या पंचवीस वर्षांनी उघडल्या, तर त्या एकसारख्या निघतील का? लेबल तेच, साल तेच, किंमतही तीच. मग आतला माल तोच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. का होत नाही, आणि त्याचा आपल्या नाशिकशी काय संबंध, हे मला आज सांगायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पिण्याची भलामण करायला मी इथे आलेलो नाही. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावं असं माझं म्हणणं नाही. अशा श्रोत्यांनी बाटलीच्या जागी लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे झालं. आईनं वैशाखात एकाच परातीत कैरीचं लोणचं कालवलं आणि तीन लेकींना तीन बरण्या भरून दिल्या. एकीचं लोणचं वर्षभर करकरीत राहिलं, दुसरीचं दिवाळीपर्यंत मऊ पडलं आणि तिसरीच्या बरणीत पावसाळ्यातच बुरशी आली. अशा वेळी आपण आईच्या हाताला दोष देत नाही. आपण विचारतो, ‘दादरा घट्ट बांधला होतास ना? ओला चमचा घातला होतास का? बरणी कुठे ठेवली होतीस?’ लोणच्याच्या बाबतीत आपल्याला असलेली ही समज वाइनच्या बाबतीत मात्र कुठे जाते कोण जाणे. तिथे आपण थेट आईलाच नावं ठेवतो.

आता ज्या पेयामुळे हा विषय माझ्या डोक्यात बसला, त्याची थोडी ओळख. पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. गोव्याला जाऊन आलेल्यांनी ‘पोर्ट वाइन’ म्हणून जी स्वस्त, गोड, लाल वाइन आणलेली असते ती वेगळी. दोघींत नावापलीकडे फारसं साम्य नाही. दोरूच्या खोऱ्याची हद्द १७५६ साली सरकारी हुकमानं आखण्यात आली. जगातल्या सगळ्यांत जुन्या आखीव वाइन प्रदेशांमध्ये त्याची गणना होते. तिथे द्राक्षांचा रस आंबत असताना, साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असलेलं द्राक्षांचंच स्पिरिट ओततात. त्यानं यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. तयार पोर्टमध्ये २० टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, म्हणजे साध्या वाइनच्या जवळजवळ दीडपट.

ही पोर्ट मोठ्या पिंपांत मुरवतात. जाता जाता सांगतो, आपला ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या ‘पिपा’वरूनच आपल्याकडे आला. पोर्टच्या व्यापारात एक पिपा म्हणजे साधारण साडेपाचशे लिटर. बहुतेक पोर्ट पिंपातच म्हातारी होते. वेगवेगळ्या पिंपांतला माल मिसळून चव सारखी राखता येते. त्यामुळे त्या पोर्टच्या दोन बाटल्यांत फारसा फरक पडत नाही. ‘विंटेज पोर्ट’ची गोष्ट मात्र वेगळी. एखादं वर्ष फार चांगलं गेलं, तरच पेढ्या ते वर्ष ‘जाहीर’ करतात. दहा वर्षांत साधारण तीनदा अशी वेळ येते. ती वाइन पिंपात दोनेक वर्षं राहते आणि मग न गाळता बाटलीत भरली जाते. पुढची वीस, तीस, कधी पन्नास वर्षं तिचं सगळं मुरणं बाटलीच्या आतच होतं. पिंपात असतो तो एकत्र कुटुंबाचा कारभार. बाटलीत शिरलं की प्रत्येकीचं नशीब वेगळं.

पूर्वी तर हा फरक आणखी मोठा असे. विंटेज पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाई आणि तिथले वेगवेगळे व्यापारी आपापल्या तळघरांत ती बाटल्यांत भरत. बूच कुणाचं चांगलं, कुणाचं स्वस्तातलं. कुणाच्या कामगाराचा हात चटकन चाले, कुणाचा रेंगाळे. एकाच पेढीच्या एकाच सालाच्या बाटल्यांवर म्हणूनच भरणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव बघितलं जाई. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून विंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच बाटलीत भरणं सक्तीचं झालं आणि फरकाचं ते एक कारण संपलं. बाकीची कारणं राहिलीच.

ती कारणं मला पुस्तकातून ठाऊक होती. प्रत्यक्ष पाहायला मिळाली ती जानेवारी २०२० मध्ये.

आमचा एक मित्र गेली अनेक वर्षं लंडनला असतो. आम्ही त्याला लंडनकरच म्हणतो. इंग्रजांमध्ये अशी पद्धत आहे, की घरात मूल जन्मलं की त्या सालची पोर्ट घेऊन ठेवायची आणि मूल जाणतं झालं की उघडायची. आमच्यातल्या वकिलांची मुलगी १९९४ ची, आणि १९९४ हे साल बहुतेक सगळ्या पोर्ट पेढ्यांनी जाहीर केलेलं. ती वाइन बाजारात आल्यावर लंडनकरानं बारा बाटल्यांची एक लाकडी पेटी घेतली. पुढच्या काही वर्षांत नाशिकला येताना, नियमात बसतील तेवढ्या, अशा मिळून चार बाटल्या त्यानं इथे आणल्या. दोन वकिलांनी कॉलेज रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटच्या माळ्यावर ठेवल्या. इमारतीचा शेवटचा मजला, वर नुसता स्लॅब. दोन डॉक्टर मित्रानं आपल्या वाड्याच्या तळघरात ठेवल्या. हा वाडा जुन्या नाशकातल्या एका टेकावर होता, त्यामुळे २००८ च्या पुराचं पाणीही तिथवर पोचलं नव्हतं. तीन-तीन फुटांच्या दगडी भिंती, आत भर मे महिन्यातही गारवा. उरलेल्या बाटल्या लंडनला जिन्याखालच्या कपाटात.

मुलीला पंचवीस पूर्ण झाली होती. तिनं उच्च शिक्षणासाठी परदेशी जायचं ठरवलं होतं. लंडनकर तिकडून एक बाटली घेऊन तीन आठवडे आधीच आला, म्हणजे प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसायला वेळ मिळाला. दिंडोरी तालुक्यात आमच्या एका बागायतदार मित्राचं शेत आहे, तिथे आम्ही आठ जण जमलो. परवाने ज्याचे त्याच्या खिशात होते, हेही सांगून टाकतो. तिन्ही घरांची एकेक बाटली उघडायची, प्रत्येकाला प्रत्येकीतले दोन-तीन घोट द्यायचे, आणि कुठली बाटली कुठल्या घरची हे कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं. चिठ्ठ्या डॉक्टरांच्या वहिनींकडे. नोंदवही माझ्याकडे.

बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या करून ठेवल्या होत्या. उघडण्याआधी मी प्रत्येकीची पातळी पाहून लिहून ठेवली. पहिलीत वाइन गळ्यापर्यंत भरलेली. दुसरीत गळ्याच्या जरा खाली. तिसरीत खांद्यापर्यंत उतरलेली, आणि बुचावरच्या आवरणाखाली वाळलेल्या पाकासारखा चिकट ओघळ. बुचं जपून काढली, मलमलच्या फडक्यातून वाइन हळूहळू गाळली. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा जाड गाळ उरला. न गाळता भरलेल्या पोर्टमध्ये तो असायचाच. रंगद्रव्यं आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाशी बसतात. वाइन मऊ होते ती त्यामुळेच.

पहिली बाटली गडद जांभळट लाल. चव दमदार, पण अजून जरा राकट, घशाला धरणारी. पंचवीस वर्षांची आहे असं वाटतच नव्हतं. तिसरीचा रंग विटकरी झालेला, कडांना पिवळसर. वास मनुकांचा, जळक्या साखरेचा. वाईट म्हणता येणार नाही, पण म्हातारी झालेली. आणि दुसरी? दुसरी नाकाजवळ नेली आणि सगळेच थांबले. ओल्या गोणपाटाचा, बंद खोलीतल्या जुन्या पुठ्ठ्याचा वास. फळाचा मागमूस नाही. वकिलांच्या मुलीनं ग्लास खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “काका, ही बिघडली आहे का?”

चिठ्ठ्या उघडल्या. पहिली लंडनची, तिसरी माळ्यावरची आणि दुसरी वाड्याची.

डॉक्टर काही बोलला नाही. वकिलांनी गमतीनं म्हटलं, “अरे, तुझ्या तळघराला ओल आली असणार.” पण त्या गमतीनं वातावरण हलकं झालं नाही, कारण तो वाडा त्याच वर्षी पाडायचा ठरला होता. भावाभावांच्या सह्या झाल्या होत्या. तळघर रिकामं करून डॉक्टर आला होता. आजोबांनी धान्यासाठी बांधलेलं तळघर, आणि त्याची शेवटची ओळख काय, तर कुबट वास!

मी त्याला म्हटलं, “हा वास तुझ्या तळघराचा नाही, बुचाचा आहे.” हे मैत्रीखातर बोललो नव्हतो. या वासामागे बहुतेक वेळा जे संयुग असतं त्याचं नाव ट्रायक्लोरोअॅनिसोल. १९८१ साली हान्स टॅनर या स्वित्झर्लंडमधल्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बुचाच्या या दोषामागचा गुन्हेगार म्हणून ते शोधून काढलं. बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. झाड न तोडता साधारण दर नऊ वर्षांनी ती सोलून काढतात. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच पोर्तुगालमध्येच होतं. या सालीत क्लोरीनयुक्त फिनॉल असले आणि त्यांवर बुरशीनं काम केलं, की हे संयुग तयार होतं. पूर्वी बुचं क्लोरीननं धूत, त्यामुळे त्रास आणखी वाढे. पुढे ती पद्धत मागे पडली.

याचं प्रमाण किती लागतं, ते ऐका. एका लिटरमध्ये दोन-चार नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नाशिककरांच्या भाषेत सांगायचं, तर आपलं गंगापूर धरण भरलं की त्यात सुमारे ५६०० दशलक्ष घनफूट पाणी असतं. लिटरला तीन नॅनोग्रॅम या हिशेबानं त्या सगळ्या पाण्याला वास लागायला हे संयुग जेमतेम अर्धा किलो पुरेल. एका बुचाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एवढंसं काही लपलेलं असेल, तर बाटली भरणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसणार कसं? एकाच झाडाच्या, एकाच पट्टीतून कापलेल्या शेजारशेजारच्या दोन बुचांतही एक निर्दोष आणि एक बाधित असू शकतं. आता एकेक बूच तपासणारी यंत्रं आली आहेत. १९९६ मध्ये, ही पोर्ट बाटलीत भरली गेली तेव्हा, ती नव्हती.

डॉक्टरनं माझं ऐकून घेतलं. मग उठला आणि गाडीतून तळघरातली दुसरी बाटली घेऊन आला. ही त्यानं स्वतःच्या पंचाहत्तरीसाठी राखली होती. तळघर रिकामं झाल्यामुळे बागायतदार मित्राच्या शीतगृहात ठेवायला ती बरोबर आणली होती. मी म्हटलं, “राहू दे, ती ठेव.” तो म्हणाला, “नाही. आता कळलंच पाहिजे.”

ती उघडली. आणि श्रोतेहो, त्या रात्रीची सगळ्यांत सुंदर बाटली तीच होती, यावर आठही जणांचं एकमत झालं. रंग गर्द माणकासारखा, वासात वाळवलेलं अंजीर, अक्रोड, थोडा तंबाखू, आणि चवीत कुठेही टोचणं नाही. त्याच पेटीतली, त्याच तळघरातली, वीस वर्षं शेजारी आडवी पडलेली तिची बहीण नासली होती. फरक फक्त एका बुचाचा.

आता रसायनशास्त्राच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून थोडा हिशेब मांडतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. लंडनच्या जिन्याखाली वर्षभर पंधरा-अठरा अंश, म्हणून तिथली बाटली सावकाश मुरत होती. तिला आणखी दहा-पंधरा वर्षं हवी होती. वाड्याच्या तळघरात पंचविसाच्या आसपास, पण बारा महिने जवळजवळ सारखं. ती बाटली लवकर पिकली आणि नेमकी तयार अवस्थेत आमच्या हाती आली. माळ्यावर मात्र उन्हाळ्यात दुपारी चाळीस, हिवाळ्यात पहाटे पंधराच्याही खाली. तापलं की वाइन प्रसरण पावते आणि बुचावर दाब देते. निवलं की आकुंचन पावते आणि हवा आत ओढते. असे वीस उन्हाळे झाले. हवेतल्या ऑक्सिजननं रंग खाल्ला. एवढं होऊनही ती पिण्याजोगी राहिली, याचं श्रेय तिच्यातल्या साखरेला आणि मद्यार्काला. साधी लाल वाइन त्या माळ्यावर पाच वर्षंही टिकली नसती.

उष्णतेची ही गोष्ट पोर्तुगीजांनाही चांगली ठाऊक. दोरूच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. तिथेच ठेवलेली पोर्ट भाजल्यासारखी लागते. म्हणून पूर्वापार ती पिंपं नदीतून होड्यांनी खाली, समुद्राजवळच्या गार गोदामांत आणून ठेवत. याउलट मदेरा बेटावरची वाइन. ती हिंदुस्थानच्या वाटेवर जहाजांच्या तळाशी उन्हानं शिजायची, आणि विषुववृत्त ओलांडून परत आलेल्या पिंपांना जास्त भाव यायचा, कारण त्या वाइनला ते शिजणंच मानवलं. उष्णता सरसकट वाईट असते असं नाही. ती कुणाला मानवते आणि कुणाला नाही, हे माहीत हवं, एवढंच.

इथपर्यंत आमच्या गप्पा शास्त्राच्या आणि गमतीच्या होत्या. मग इतका वेळ गप्प बसलेला बागायतदार मित्र बोलला. तो म्हणाला, “पोर्तुगालच्या मोठ्या पेढीची बाटली बिघडली, तर तुम्ही दुसरी उघडलीत. बुचाचा दोष शोधलात, तापमानाचा हिशेब मांडलात. आमच्या वाइनची दुसरी बाटली कोण उघडतो?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्याच्या बोलण्यामागे काय होतं, ते नाशिकच्या लोकांना सांगायला नको. २००१ साली राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. विंचूरला वाइन पार्क झालं. खाण्याच्या द्राक्षांच्या जोडीनं शिराझ, काबर्ने, शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी रुळली. यानंही पाच एकरांवर वाइनची द्राक्षं लावली, एका वायनरीशी करार केला. २००८ नंतर मंदी आली, मागणी आटली, टाक्यांत वाइन पडून राहिली. अनेकांची द्राक्षं वेलीवरच राहिली. जिल्ह्यात कितीतरी जणांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. यानं तीन एकर उपटले, दोन एकर राखले. हट्ट म्हणून राखले, असं तो म्हणतो.

त्या पडत्या काळात मुंबई-पुण्यात एक वाक्य सारखं कानावर यायचं, ‘नाशिकची वाइन? एकदा घेतली होती, आंबट होती.’ एकदा घेतली होती, म्हणजे एक बाटली. ती बाटली वायनरीच्या गार खोलीतून निघाल्यावर कुठून कुठून गेली असेल, बघा. एप्रिलमध्ये उघड्या ट्रकमधून प्रवास. पत्र्याच्या गोदामात महिना-दोन महिने. मग दुकानात अगदी वरच्या फळीवर, दिव्याखाली, उभी. बुचाची बाटली उभी ठेवली की बूच कालांतरानं सुकतं, आकसतं आणि हवा आत जाऊ लागते. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक वाइन पोर्टसारख्या टणक नाहीत. त्या वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या, नाजूक प्रकृतीच्या. ज्या उन्हात पोर्ट म्हातारी झाली, त्या उन्हात या तर मरूनच जाणार. गिऱ्हाइकाला मात्र लेबल दिसतं, आणि लेबलवर नाशिकचं नाव असतं. दुकानदाराची फळी लेबलवर छापलेली नसते.

द्राक्षं चांगली पिकवणं शेतकऱ्याच्या हाती आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च काढणी, ती पहाटेच्या गारव्यात उरकणं, हे तो सांभाळतो. वाइन नीट करणं वायनरीच्या हाती आहे. पण बाटली फाटकाबाहेर पडली, की पुढचा निम्मा प्रवास ना शेतकऱ्याच्या हाती, ना वायनरीच्या. पोर्टच्या बाबतीत हे जगाला कळलेलं आहे. म्हणून लिलावात जुन्या पोर्टची बाटली येते तेव्हा पातळी कुठे आहे आणि बाटली कुठल्या तळघरात होती, हे आधी विचारतात. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची सवयच अजून लागलेली नाही.

बदल होत नाही असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वायनऱ्यांनी बुचाऐवजी फिरकीचं झाकण स्वीकारलं आहे. काही रसिक त्याला नाकं मुरडतात, झाकण स्वस्तातलं वाटतं म्हणून. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वाइनवाल्यांनी २०००-२००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणात तेच केलं, आणि कारण होतं बुचाच्या या दोषाचा वैताग. लवकर प्यायच्या वाइनला फिरकीचं झाकण म्हणजे घट्ट बांधलेला दादराच. अर्थात झाकण बुचाचा दोष टाळतं, उन्हाचा नाही.

मग आपण काय करावं? दुकानदारांना माझी विनंती आहे, की वाइनच्या बाटल्या खिडकीत आणि दिव्याखाली मांडू नयेत. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात निदान तेवढ्या कोपऱ्यापुरता गारवा राखावा. घरी ठेवणाऱ्यांनी माळा आणि स्वयंपाकघर टाळावं. जमिनीलगतचं, आतल्या भिंतीचं कपाट बरं. हॉटेलात वेटर पहिल्यांदा तळाशी थोडीशी वाइन ओतून थांबतो, तो ‘आवडली का’ हे विचारायला नव्हे. बाटली बिघडलेली नाही ना, एवढं तपासायला. ओल्या गोणपाटाचा वास आला, तर संकोच न करता सांगावं आणि बदलून मागावी. त्यात कुणाचा अपमान नाही. आणि बाटली खराब निघाली तर तिच्यावरचा बॅच क्रमांक उत्पादकाला कळवावा. असं कळवणारं गिऱ्हाईक त्याला हवंच असतं, कारण दोष कुठे झाला हे शोधायचा त्याच्यापाशी तोच एक धागा असतो.

आणि शक्यतो चार जणांत बसून चाखावं, पोर्ट असो की आपली शेनँ ब्लाँ. एकटा माणूस एक बाटली उघडतो आणि मत बनवून मोकळा होतो. चार जणांच्या चार ठिकाणच्या बाटल्या एकत्र आल्या, की तुलना होते, आणि तुलना झाली की आपण वाइन चाखत होतो की एखाद्याचा माळा, हे कळतं.

त्या रात्रीनंतर आमचा वकील मित्र पुण्याला एका समारंभात होता. नाशिकची एक वाइन कुणीतरी घोटभर घेऊन बाजूला सारली. हा उठला, काउंटरवर गेला आणि त्याच वाइनची दुसरी बाटली उघडायला लावली. ती पहिलीपेक्षा बरी निघाली की वाईट, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. बागायतदार मित्राला मात्र ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. त्याच्या दोन एकरांवर अजून शिराझ उभी आहे.

मत द्यायला कुणाचीच ना नाही. पण एका बाटलीवरून साल ठरवू नये, आणि एका सालावरून खोरं ठरवू नये. पहिली बिघडलेली निघाली, तर दुसरी उघडेपर्यंत मत राखून ठेवावं, एवढंच मला सांगायचं होतं.